पंचविसावी वडी

बरक्या फणसाचा गर आटवताना हात थांबवला की तो तळाशी लागतो, आणि एकदा लागला की ती चव वेलदोड्यानेही झाकत नाही. हे प्रणिताला आईकडून कळलं होतं. नेमका किती अंशांना लागतो, ते तिनं स्वतः शोधून काढलं होतं. केमिस्ट्रीत एम.एस्सी. करून तीन वर्षं ती रोह्याच्या एका कंपनीत माल तपासायच्या कामाला होती. शिफ्टला कंटाळून नोकरी सोडली आणि पेणमधल्या घराच्या मागच्या खोलीत फळांच्या वड्या करायला घेतल्या, तरी सवयी काही सुटल्या नाहीत. पातेल्यात थर्मामीटर, टेबलावर वही, आणि प्रत्येक खेपेतला एक नग तारीख घालून डबीत. राखीव नमुना. उद्या कोणाची तक्रार आलीच, तर तपासायला आपल्या हाताशी काहीतरी असावं.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात निकेश आला. ज्युनिअर कॉलेजातला तिचा वर्गमित्र, रोह्याचा. आता जहाजावर इंजिनिअर. नॉर्वेतल्या इंग्रिडशी त्यानं तिकडेच लग्न केलं होतं आणि शनिवारी संध्याकाळी रोह्यात स्वागतसमारंभ होता.

"जेवण आपलं," तो म्हणाला. "गोडात मात्र फळं आपली आणि देव तिच्याकडचे."

"देव खायचे?"

"मोदक खातेस तेव्हा विचारतेस का असं?"

"मोदक देव नसतो रे. देवाचा खाऊ असतो."

त्यानं यादी पुढं केली. इदुन देवीची सफरचंदं, जी खाऊन तिकडचे देव म्हातारे होत नाहीत. ती हापूसच्या गराची करायची. थोर नावाच्या देवाचा हातोडा, करवंदाच्या जेलीचा. आणि सगळ्यांचा बाप ओडिन, फणसाच्या वडीत. ओडिनसाठी त्यानं टॉवेलात गुंडाळून एक साचा आणला होता. तळहाताएवढा, काळ्या लाकडाचा, तुपानं मुरलेला. आत एका म्हाताऱ्याचा चेहरा, लांब दाढी, दोन्ही खांद्यांवर एकेक कावळा. उजवा डोळा नीट कोरलेला. डाव्याच्या जागी नुसता गुळगुळीत उंचवटा, वडीत रिकामा खळगा पाडणारा.

"इंग्रिडच्या आजीचा आहे. अट एकच. डावा डोळा रिकामा ठेवायचा. आजीनं फोनवर दोनदा बजावलंय."

"का पण?"

"ओडिननं तो दिलाय. ज्ञान हवं होतं, म्हणून काढून विहिरीत टाकला." निकेश हसला. "आपण निदान नुसती फी भरली."

साच्यातून निघालेला चेहरा फिकट पिवळा आणि थोडा धूसर येत होता. उजव्या डोळ्याला रेघ हवी होती. त्यासाठी प्रणितानं सगुणामावशीला बोलावलं.

मावशी पेणजवळच्या जोहे गावची. गणपतीच्या कारखान्यात तीस वर्षं डोळ्यांची आखणी करत होती. मूर्ती कोणीही ओतो, कोणीही रंगवो, डोळे मावशीच काढणार. तिच्या स्वतःच्या डाव्या डोळ्याच्या पांढऱ्यात, नाकाच्या बाजूला, जन्मापासून एक तांबूस ठिपका होता, मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढा. लहानपणी प्रणिता तिला विचारायची, "मावशी, रंग उडाला का गो डोळ्यात?"

बुधवारी दुपारी मावशी आपला खारीच्या केसांचा ब्रश घेऊन आली. प्रणितानं कोकोची काळी पेस्ट कालवून दिली, ओडिनची गोष्ट सांगितली, फक्त उजवा डोळा म्हणून बजावलं आणि ती खोके आणायला बाजारात गेली. ती तासाभरानं परत आली तेव्हा पंचवीसच्या पंचवीस वड्या दोन्ही डोळ्यांनी तिच्याकडे बघत होत्या.

"मावशी! डावा रिकामा ठेवायचा होता."

"सांगितलंस तू. पन हात नाय थांबला." मावशीचा चेहरा ओशाळला होता. "एक डोला काढून उठायचं नाय, असं माझ्या सासूनं शिकवलेलं. चहा येवदे, घरून सांगावा येवदे, दुसरा डोला पुरा केल्याबिगर ब्रश खाली ठेवायचा नाय. आन् त्या बिचाऱ्याचा डोला हिरीत पडलाय म्हनतेस. कुनीतरी द्यायला नको?"

"उद्या खरवडते मी."

"खरवड. पन बघ तरी गो, कसा बघतोय आता."

प्रणितानं बघितलं. मावशीच्या डोळ्यांचं सगळ्या तालुक्यात नाव होतं ते उगाच नव्हे. खोलीत कुठंही उभं राहिलं तरी वड्या आपल्याकडेच वळल्यासारख्या वाटत होत्या.

गुरुवारी सकाळी सहा चाळीसला तिनं वड्यांवरची जाळी उचलली. डावा डोळा एकाही वडीवर नव्हता.

पुसलेला नव्हता. पुसलं की साखरेवर ओरखडा येतो, ओल येते, तेलकट डाग राहतो. भिंगातून बघितलं तर खळगा कोरडा, अखंड, कालच साच्यातून निघाल्यासारखा. उजवे डोळे तसेच्या तसे. मुंगी नाही, पाल नाही, खिडकी बंद. तिनं वहीत लिहिलं: पंचवीसपैकी पंचवीस.

खरवडायचं काम वाचलं, एवढ्यावर ते संपायला हवं होतं. पण कारण माहीत नसलेली गोष्ट तशीच सोडून देणं तिला कधी जमलं नव्हतं. दुपारी मावशी आली ती डावा डोळा पदरानं टिपत.

"काय झालं?"

"धूल गेली असंल. टेम्पोत मागं बसलेले."

प्रणितानं तेरा वड्या तिच्यापुढे ठेवल्या आणि बारा स्वतःकडे घेतल्या. पेस्ट तीच, ब्रश तोच, खोली तीच. फक्त हात वेगळे.

"आता काढू डावा? परवा वरडलीस ना?"

"काल ओरडले. आज काढ."

"याला म्हनतात शिकलेली मानसं," मावशी म्हणाली आणि खुशीत ब्रश ओला केला. प्रणितानं काढलेल्या डोळ्यांना ती मनमुराद हसली. "ह्यो बघ, ह्याला कावील झालीय. आन् ह्यो तर झोपलाय."

शुक्रवारी सहा चाळीसला मावशीचे तेरा डोळे गेलेले होते. प्रणिताचे बारा जागेवर होते. वेडेवाकडे, मेलेले, नुसते डाग.

तिनं मागचं दार उघडलं. मागच्या कुंपणावर दोन कावळे बसले होते. साच्यातून काढताना मोडलेली एक वडी तिनं त्यांना टाकली. दोघे खाली उतरले, वडीजवळ आले, एकानं मान तिरकी करून तिच्याकडे बघितलं, आणि दोघेही न शिवता परत कुंपणावर जाऊन बसले. पेणचे कावळे मिरचीचा ठेचासुद्धा सोडत नाहीत.

आठ वाजता मावशीचा फोन आला. "डाव्या डोल्याम्होरं धूर आल्यासारखा वाटतोय. चूल तर पेटवली नाय अजून."

प्रणितानं तिला पेणमध्ये डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी थेंब घातले, दिव्यानं आत बघितलं, दाब मोजला, पुन्हा मोजला. बुबुळ स्वच्छ, पडदा उत्तम. पन्नाशीला असे डोळे कमी बघायला मिळतात, म्हणाले. पण समोरच्या तक्त्यावरचं सगळ्यांत मोठं अक्षर मावशीला डाव्या डोळ्यानं वाचता येत नव्हतं. मुंबईला दाखवा, असं त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं.

"गनपती झाल्यावर जाऊ," बाहेर आल्यावर मावशी म्हणाली. "दोनशे मूर्त्या बसल्यात माझ्यासाठी. डोले नसले तर माझ्या हाताला कोन विचारतंय? माती मलायला बसवतील." ती हसली, पण प्रणिताचा दंड तिनं घट्ट धरला होता. रस्ता ओलांडताना डावीकडची रिक्षा तिला दिसली नाही.

घरी येऊन मावशीला पाणी दिलं आणि प्रणितानं वही उघडली. एका रकान्यात वड्या, दुसऱ्यात मावशीचं बोलणं. बुधवारी पंचवीस, गुरुवारी धूळ. गुरुवारी तेरा, शुक्रवारी धूर. दोन नोंदींवरून निष्कर्ष काढत नाहीत, हे तिला शिकवलेलं होतं. योगायोग असू शकतो. तिसरी नोंद हवी.

तिला तिसऱ्या नोंदीची गरज नव्हती. तिला कळलं होतं. कळलं होतं म्हणूनच तिला बघायचं होतं.

तिनं बारा वड्यांवरचे आपले डाग खरवडले. चोवीस खोक्यात भरल्या. उरलेली पंचविसावी, राखीव नमुन्याची, बशीत घालून मावशीपुढे ठेवली.

"मावशी, एकच. शेवटची."

मावशीनं बशी तोंडाजवळ घेतली, मग लांब धरली. "नीट दिसत नाय गो. उद्या काढू?"

"आजच हवी होती."

"तुझ्या कामाचं हाय?"

"हो."

"मंग दे."

तिनं स्वतःचा डावा डोळा मिटला, उजवा उघडा ठेवला, आणि एका श्वासात वडीवर डोळा काढला. वरची पापणी, खालची पापणी, बुबुळ, त्यातला प्रकाशाचा बिंदू. तिनं काढलेला इतका सुंदर डोळा प्रणितानं आजवर पाहिला नव्हता. मावशीनं ब्रश धुतला, कपड्यात गुंडाळला आणि सहाच्या एसटीनं ती जोह्याला गेली.

शनिवारी सकाळी डोळा जागेवर होता.

प्रणिताला हायसं वाटलं. खरंच वाटलं, ती खुर्चीवर बसली, मोठ्यानं हसली. मग सवयीनं भिंग उचललं.

डोळ्याचा पांढरा भाग ओला होता. त्यात नाकाच्या बाजूला एक तांबूस ठिपका होता, मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढा.

तिच्या घरात तांबूस रंग नव्हता.

फोन वाजला.

"प्रणिता, डाव्यानं कायच दिसत नाय गो." मावशीचा आवाज शांत होता, लहान मुलीसारखा. "अंधार पन नाय. तिथं कायच नाय." मग म्हणाली: "तुझ्या वडीचा डोला राह्यला का?"

"राहिला, मावशी."

"बरं झालं. तुझं काम झालं ना. माझा उजवा हाय अजून. तेवढ्यावर काढीन मूर्त्या."

रोह्याचा हॉल कुंडलिका नदीच्या काठावर होता. इंग्रिड हिरव्या नऊवारीत उभी होती, नाकात नथ, कपाळावर घाम. तिनं खोकं उघडलं आणि चोवीसही चेहऱ्यांच्या डाव्या खळग्यावरून एकेक करून बोट फिरवलं. मग निकेशच्या फोनवर तिकडं आजीला लावलं. पडद्यावर एक पांढऱ्या केसांची बाई आली, खांद्यावर शाल. ती हळू आवाजात काहीतरी म्हणाली.

"डोळा कोणी भरला नाही ना, विचारतेय," निकेश म्हणाला.

"नाही," प्रणिता म्हणाली.

आजीनं मान हलवली. ती पडद्याकडे बघत नव्हती. प्रणिताचा आवाज आला त्या दिशेला तिनं फक्त कान केला होता.

"तिला दिसत नाही," निकेशनं फोन खाली घेत सांगितलं. "तरुण होती तेव्हा एक गेला. दुसरा त्यानंतर आठवड्याभरात. तिकडच्या डॉक्टरांनाही कारण सापडलं नाही. ए, वडी भारी झालीय पण! ओडिन म्हणजे एकदम बरका."

पाहुण्यांनी चोवीस वड्या अर्ध्या तासात संपवल्या. प्रणितानं साचा टॉवेलात गुंडाळून इंग्रिडच्या हातात दिला. इंग्रिडनं तो घेतला आणि प्रणिताच्या डोळ्यांकडे बघितलं, आधी एका, मग दुसऱ्या.

परतीच्या गाडीत प्रणितानं सगळा विचार केला. पंचविसावी फोडून टाकावी? धरमतरच्या खाडीत सोडावी? पण फोडली तर त्या डोळ्याचं काय होईल, हे तिला माहीत नव्हतं. नमुना नष्ट केला की परत मिळत नाही. आणि मावशीला काय सांगायचं? आखणी थांबव, असं? दोनशे मूर्त्या सोडून घरी बस, असं? कशाच्या आधारावर?

रविवारी सहा चाळीसला तिनं डबी उघडली.

डावा डोळा होता. ओला, ठिपक्यासकट.

उजवा बारीक झाला होता. कानाकडच्या कोपऱ्यातून पापणीची रेघ विरत चालली होती. ती बघत असतानाच आणखी जराशी विरली.

एक डोळा काढून उठायचं नाही.

जोह्यात आता मावशी पाटावर बसली असेल. ब्रश तोंडात धरून पहिली मूर्ती जवळ ओढत असेल.

प्रणितानं वही ओढली. वेळ लिहिली. पट्टी ठेवून शेजारी एक नवा रकाना आखायला घेतला आणि वर लिहिलं: उजवा.

फोन वाजायला लागला. जोह्याचा नंबर होता. रकाना पुरा होईपर्यंत तिनं तो वाजू दिला.