न विचारता बांधलेली भिंत

त्या गुरुवारी मी विट्याला जाणारच नव्हते. खानापूरचं काम दुपारीच उरकलं, म्हणून सांगलीला परतताना वाटेत मंगलकाकूंच्या घराचं बांधकाम बघायला थांबले... आणि मागच्या अंगाला गेल्या गेल्या डोक्यात तिडीकच गेली.

स्वयंपाकघर आणि परडं यांच्यामध्ये चक्क भिंत उभी होती!

मी काढलेल्या नकाशात तिथं बारा फुटांची मोकळी जागा होती. आणि कुणीतरी एक उंच माणूस, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, पाइपानं त्या भिंतीवर पाणी मारत होता. अगदी प्रेमानं!

"अहो, बंद करा ते पाणी!" मी ओरडले. "कुणी बांधली ही?"

तो दचकून वळला — हातातल्या पाइपासकट. माझा ड्रेस, माझी चप्पल, काखेतला नकाशा, सगळं चिंब.

"अरारा... सॉरी, सॉरी."

"नकाशा वाचता येत नाही तुम्हाला?"

"येतो की. वाचला, म्हणूनच तर मिस्त्रीला भिंत घालाय सांगितली."

"तुम्ही सांगणारे कोण?"

"शिवतेज. घर माझ्या आईचं हाय."

म्हणजे कोइमतूरचा मुलगा! गलाईचं, सोनं-चांदी गाळायचं दुकान चालवणारा. आम्ही फोनवर दोनदा बोललो होतो. पण फोटोच्या जागी त्यानं गणपती लावलेला, मग ओळखणार कसं? दुसरी कुणी असती तर ओशाळली असती. मला मात्र जास्तच राग आला.

"मला एक फोन करता आला नाही?"

"कालच आलो हो. आन बघितलं तर हे बारा फुटांचं भगदाड. आई इथं एकटी. मी तिकडं हजार किलोमीटरवर. जिवाला घोर न्हाई लागणार?"

"तुमचा घोर जावा म्हणून त्यांनी कोंडून घ्यायचं? काकूंना विचारलंत?"

"आईला काय इचारायचं त्यात... तिच्याच भल्याचं—"

"बास!" माझा आवाज चढला. सिद्धू मिस्त्री थापी खाली ठेवून ऐकायला लागले. ऐकू देत! "एक रेघ मारायच्या आधी मी काकूंसोबत अख्खा दिवस बसले होते. सकाळी कुठं बसता, ज्वारी कुठं निवडता, शेजारणी कुठं टेकतात... तेव्हा त्यांनी सांगितलं. तुमच्या वडिलांबरोबर त्या बावीस वर्षं दुकानामागच्या खोलीत राहिल्या. खिडकी नाही. भट्टीची धग, ॲसिडचा वास. उजाडलं की मावळलं, ते घड्याळ बघून कळायचं. मला म्हणाल्या, 'बाई, भाकरी थापताना आभाळ दिसू दे, एवढंच कर.' तेवढंच केलं होतं मी. आणि तुम्ही ते एका दिवसात बुजवलंत!"

पाइपातलं पाणी त्याच्याच पायावर वाहत होतं.

"मला सहाव्या वर्षीच इकडं आजीकडं धाडलं होतं," तो म्हणाला. "आई मला कधी बोलली न्हाई हे."

"तुम्ही कधी विचारलं?"

त्यानं वर बघितलं. ते डोळे... मी घाईघाईनं नकाशा पिळायला लागले. भांडताना समोरच्याचे डोळे बघू नयेत, एवढी साधी अक्कल मला नव्हती.

तेवढ्यात काकू शेजारणीकडून आल्या. त्यानं सरळ विचारलं, "आई, ही भिंत हवी का तुला?"

काकूंनी एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. "नगं रं," त्या हळूच म्हणाल्या. "पर तू एवढ्या लांबनं आलास... कशाला दुखवायचं म्हणून गप बसले."

दुसऱ्या दिवशी भिंत त्यानं स्वतः पाडली. मिस्त्रींनी मला व्हिडिओ पाठवला. मी तो चारदा बघितला — फक्त काम नीट झालं का ते बघायला!

त्यानंतर आमची भांडणं रीतसर सुरू झाली. स्वयंपाकघरातली शहाबादी फरशी मला तशीच बाहेर मागच्या ओसरीपर्यंत न्यायची होती, मध्ये उंबरठा न ठेवता, कारण काकूंचे गुडघे दुखतात. तो म्हणे, पाणी आत येईल. मी म्हणे, ओसरीला उतार देणार आहे. मग त्यानं लोखंडी जाळीचं दार सुचवलं : दिवसा घडी होऊन बाजूला सरकेल, संध्याकाळी आतून कुलूप. कल्पना उत्तम होती. माझ्या डोक्यात का नाही आली, म्हणून मी दोन दिवस धुमसत राहिले.

"तुमी सारख्या अशा रागातच असता का?" त्यानं एकदा विचारलं.

"समोर कोण आहे त्यावर आहे."

"मग मी नशिबाचा."

"ते कसं काय?"

"मिस्त्री सांगत हुतं, बाकी सगळ्यांशी मॅडम लय गोड बोलतात. राग तेवढा माझ्या एकट्याच्या वाट्याला."

त्या दिवशी परड्यातल्या शेवग्याची मापं मी उगाचच दोनदा घेतली.

तो कोइमतूरला गेला तरी फोन येतच राहिले. आधी फरशीसाठी. मग जाळीच्या रंगासाठी. मग... कशासाठीच नाही. वैशाखात वास्तुशांत झाली. बायका भाकरी थापत होत्या आणि आतबाहेर अशा ये-जा करत होत्या, जणू ती एकच खोली. काकू शेवग्याकडं तोंड करून बसल्या होत्या. शिवतेज त्यांच्याकडं बघत होता, मग माझ्याकडं बघायला लागला. काहीतरी बोलायला आला, "ते... मी म्हणत हुतो..." आणि पाव्हणे आले म्हणून निघून गेला!

त्यानंतर आठ दिवस फोन नाही. मेसेज नाही. मी टेबलावरच्या पट्ट्या आपटत होते.

नवव्या दिवशी इस्लामपूरहून पप्पांचा फोन. "राजेश्वरी, लवकर घरी ये. विट्याचं स्थळ आलंय. मुलगा आणि त्याचे मामा बसलेत. शिवतेज म्हणून..."

सांगली ते इस्लामपूर गाडी कशी चालवली, माझं मला ठाऊक. घरात शिरले. तो पांढऱ्या शर्टात, भांग पाडून, पोह्यांची बशी धरून बसला होता.

"पप्पा, मला यांच्याशी बोलायचंय. गच्चीवर."

वर जाताच मी फुटले. "मामांना विचारलंत, काकूंना विचारलंत, माझ्या वडिलांना विचारलंत. मी कोण?"

"आपल्यात अशीच रीत—"

"रीत राहू द्या! भांडले मी, आठ दिवस फोनची वाट बघितली मी, आणि उत्तर पप्पांनी द्यायचं?"

"वाट बघितली?" त्याचा चेहरा उजळला.

"विषय बदलू नका!"

तो कठड्याला टेकला. "तुमच्या पप्पांनी न्हाई म्हटलं असतं तर सोसलं असतं. तुमी म्हटलं असतं तर... भ्या वाटलं."

माझा आवाज जरा उतरला. "मी कोइमतूरला येणार नाही. माझी कामं इथं आहेत."

"मीच येतोय. दिवाळीनंतर दुकान चुलतभाऊ बघणार. आईला तसा शब्द दिलाय."

"हे तरी आधी सांगायचं!"

"तुमच्यासाठी करतोय असं वाटलं असतं तुमाला. तुमी न्हाई म्हणालात तरी मी येणारच हाय."

आता रागवायला काही उरलंच नाही, याचाही मला रागच आला.

"मग विचारा."

"काय?"

"शिवतेज!"

त्यानं रुमालानं तळहात पुसले. "राजेश्वरी... तुमी माझ्याशी... तू... लगीन करशील माझ्याशी?"

त्या 'तू'नं काय केलं ते मी सांगणार नाही.

"करीन," मी म्हटलं. "पण अजून चिडलेलीच आहे."

"चालंल," तो म्हणाला. हसू त्याच्या गालात मावत नव्हतं. "खाली जाऊन काय सांगू?"

"तुम्ही काही सांगायचं नाही."

मी पुढं झाले, जिना उतरले. मामांच्या हातातला चहाचा कप तसाच थांबला.

"पप्पा," मी म्हणाले, "मी याला हो म्हटलंय. आता तुमचं काय ते बोला."