घामकसोटी

शेवटी पद्मजाच्या वडिलांना सरकारी सील ठोकण्यात आलं. कपाळावर. पण असं काही घडलंच नाही असं धरून आपण पुढे जाऊ. सरकारही तसंच धरतं.

तर सोलापूरच्या कापड-सुरक्षा प्रयोगशाळेत त्या सकाळी सगळं आलबेल होतं. डॉ. पद्मजा गाजूल घामकसोटी लावत होती. नवा नियम सोपा : कापड ज्याचं, त्याच्याच कातडीवर तपासायचं. रंगातलं शिसं, क्रोमियम घामावाटे अंगात उतरलं, तर कापड नापास आणि अंगाला सरकारी धातुक्षालन केंद्रात मोफत उपचार. म्हणूनच तिनं वडिलांना आणलं होतं. लक्ष्मय्यांचा उभा जन्म रंगाच्या हौदात गेलेला; आता हात थरथरायचे आणि स्वतःची गल्ली सापडायची नाही. अंगात सदरा त्याच कारखान्याचा.

यंत्रावर आकडा उमटला. उणे.

"उणे?" निरीक्षक हत्तुरे खुलले. "म्हणजे शून्याहून सुरक्षित! अभिनंदन की ओ म्याडम!"

"साहेब, धातू जास्तीकडून कमीकडे जातो. सदरा स्वच्छ नाही. नाना त्याहून भरलेत. त्यांच्या अंगातून सदऱ्यात उतरतंय."

"म्हणजे ज्याच्या अंगात विष जास्त, त्याला कुठलंही कापड सुरक्षित?"

"हो."

हत्तुरे गंभीर झाले. "मग हा माणूस कापड नासवतोय."

"ऐकलंत, नाना?"

"ऐकलं की," लक्ष्मय्या म्हणाले. "मालक पण हेच म्हणायचा."

नियम चोख होता. दूषित कापड शुद्ध होईपर्यंत क्षालनात ठेवायचं. दूषित करणारा उगम सील करायचा. सदऱ्यासाठी वातानुकूलित गाडी आली. मऊ कागदात गुंडाळून तो पुण्याच्या धातुक्षालन केंद्रात गेला. लक्ष्मय्यांच्या कपाळावर लाखेचा ठसा बसला आणि यापुढे कुठलंही कापड अंगाला लावायची मनाई झाली.

"मग उघडा फिरू काय ओ?"

"फिरूच नका. उगमानं एका जागी बसायचं असतं."

बातमी पसरली. गल्लीतले बाकीचे रंगारी तपासणीला येईनासे झाले. लक्ष्मय्या चटईवर बसून राहिले. मुलीला ओळखेनासे झाले, तेव्हा तिनं अर्ज धाडला :

'मा. संचालक, धातुक्षालन केंद्र, यांस. विनंती की, श्री. लक्ष्मय्या गाजूल यांची नोंद माणूस अशी न ठेवता 'सुती कापड, एक नग, वापरलेले' अशी करावी व त्यांना तातडीने क्षालनास दाखल करून घ्यावे. धुण्यात नग आटल्यास आमची तक्रार राहणार नाही.'