उलटा फिरणारा पाना

हसताय काय रे? गाडी बंद पडली की धक्का मारायचा, एवढंच तुम्हाला ठाऊक. कोपऱ्यावरचा बॅटरीवाला आहे ना, त्याच्यावर गुदरलेली गोष्ट आहे ही. त्यानं स्वतः सांगितली मला, भर दुपारी, आणि सांगताना दोनदा मागे वळून पाहिलं.

मागच्या नोव्हेंबरातला शेवटचा शनिवार. रात्रीचे साडेदहा. बॅटरीवाला धाकट्या बहिणीला आणायला निघाला होता. मेहुण्याला जाऊन महिना झाला होता. सकाळी तिचे दीर येऊन गाडी नेणार होते, आणि गाडी तर तिची, वडिलांनी तिला दिलेली. ती स्वतः चालवत निघणार होती.

ती गाडी माहेरी कधी आलीच नव्हती. बहीण निघायला बसली की हटकून बंद. “बॅटरी म्हातारी झालीय,” मेहुणा हसून म्हणायचा. बॅटरीवाल्यानं नव्या बॅटऱ्या पाठवून पाहिल्या, तरी तेच. शेवटी बहिणीलाच यायचं नाही असं समजून त्यानं नाद सोडला.

त्या रात्री त्यानं आपली गाडी तिच्या गाडीसमोर नाकाला नाक लावून उभी केली. केबल जोडल्या. लाल चिमटा प्लसला, काळा बॉडीच्या पत्र्याला.

“मार किल्ली.”

टक. बस्स, एवढंच. दिवे मात्र लख्ख.

टर्मिनल घासले. पुन्हा टक. मग त्यानं काळा चिमटा पत्र्यावरून काढून थेट इंजिनाला लावला, तर इंजिन लगेच फिरलं. म्हणजे बॅटरी बिचारी निर्दोष. इंजिन आणि बॉडी जोडणारी अर्थिंगची पट्टी नुसती लोंबत होती. तिचा नटच नव्हता.

“ह्यांच्या शर्टाच्या खिशात एक नट असायचा,” बहीण हळूच म्हणाली. “कायम.”

बॅटरीवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेलेल्या माणसाला त्यानं मोजून शिव्या घातल्या, नवा नट आवळला आणि चिमटा परत पत्र्याला लावला.

टक.

वाकून पाहिलं. पट्टी लोंबत होती. नट नव्हता. पडल्याचा आवाजही नव्हता.

दुसरा लावला. तोही गेला.

“दादा, तू काही बोललास?”

“नाही.”

“मागून आवाज आला… बॅटरी म्हातारी झालीय म्हणून.”

मागच्या सीटवर कुणी नव्हतं. सीट मात्र… दबलेली होती.

तिसरा नट. या वेळी त्यानं पाना सोडलाच नाही. आवळला. पाना थरथरला. मग… उलटा फिरायला लागला. त्यानं दोन्ही हातांनी धरला. तरी फिरत राहिला. बॉनेटचा दांडा सटकला. बॉनेट मानेवर कोसळलं. आणि वरून कुणीतरी… दाबत होतं.

बहिणीनं आरशात पाहिलं. काय दिसलं, ते तिनं अजून कुणाला सांगितलेलं नाही.

“उतर,” ती म्हणाली. “गाडी माझी आहे.”

उभ्या संसारात नवऱ्याला कधी अरेतुरे न केलेली बाई ती.

पाना थांबला. मागचं दार उघडलं… लागलं. त्यानं नट आवळला. तिनं किल्ली मारली, आणि इंजिन चालू झालं.

रात्रीच दोघं घरी पोचले. बहीण वरच्या खोलीत एकटी झोपली, आतून कडी लावून. सकाळी हसत खाली आली. बॅटरीवाला म्हणतो, तिला असं हसताना त्यानं किती वर्षांनी पाहिलं. तिला एकटीनं गावातून एक चक्कर मारायची होती. गाडीत बसली. किल्ली मारली.

टक.

त्यानं बॉनेट उघडलं. पट्टी लोंबत होती.

बहीण उतरली आणि वर गेली. तो मागोमाग गेला. पलंगावर दोन उशा होत्या. एक तिची. दुसरी… मधोमध दबलेली. त्या खळग्यात नट होते. तिन्ही.

त्यानं एक उचलला.

गरम होता.