सोळाशे मीटर आणि एक बाबागाडी

बाबागाडी सुटली तेव्हा मी बुटाची लेस बांधत होते.

एवढंच! वाकले, एक गाठ मारली आणि मान वर करते तो काय... समोर गाडीच नाही. गाडी निघाली होती उतारावरून खाली. आत माझ्या ताईची दीड वर्षांची जुळी. ढब्बू टाळ्या पिटतोय, चिमणी गाढ झोपलेली. पळाले, पण उतारावर गाडी माझ्यापेक्षा जोरात पळते हे मला त्या दिवशी कळलं.

खाली वळणावर एक माणूस सायकल हातात धरून चालला होता. त्याने वर पाहिलं, सायकल तिथेच रस्त्यात टाकली आणि दोन्ही हात पसरून गाडीसमोर उभा राहिला. गाडी धाडकन त्याच्या गुडघ्यांवर आदळली. तो कळवळला, पण त्याने गाडी सोडली नाही.

मी पोचले तेव्हा रडत होते. ढब्बू म्हणाला, "पुन्ना!"

"ब्रेक लावला नव्हता," तो माणूस म्हणाला. चिडून नाही, अगदी हळू. मग गुडघा चोळत खाली बसला आणि पुढचं चाक फिरवून पाहायला लागला. "आणि हे चाक मोकळंय. पळताना हे लॉक करायचं असतं, नाहीतर गाडी वाटेल तिकडे वळते. मनगटाला पट्टाही नाही?"

"अहो, इथे माझा जीव जायची वेळ आलीय आणि तुम्ही मला चाकं कसली शिकवताय!"

तो गोंधळला. कानांपर्यंत लाल झाला. "माफ करा... मला माणसांचं फारसं कळत नाही. चाकांचं कळतं."

आता, सकाळी सहाला दुसऱ्याची मुलं घेऊन मी का पळत होते ते सांगते. ताई नर्स, तिची रात्रपाळी. भावजी जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यात. ताई साडेआठला घरी येते आणि साडेनऊला मला औषधांच्या दुकानात काउंटरवर उभं राहायचं असतं. म्हणजे पळायला वेळ तो काय पहाटेचा, आणि तेव्हा जुळी माझ्या गळ्यात. पण पळायचं तर होतंच. अग्निशमन दलाच्या भरतीत सोळाशे मीटर आठ मिनिटांत पळावे लागतात. मागच्या वर्षी नऊ सेकंदांनी हुकलं होतं. नऊ! दोन शिंका आल्या तरी तेवढी जातात. यंदा माझी वयाची मुदत संपत होती. ह्या वेळी नाही तर कधीच नाही, आणि परीक्षा सात आठवड्यांवर आलेली. निवड झाली तर चार महिने दुसऱ्या गावी प्रशिक्षण, म्हणून ताईने दिवसपाळी मागून ठेवली होती. बिचारीला माझ्यापेक्षा जास्त भरवसा होता.

त्या सकाळनंतर मी कानाला खडा लावला. पळणं बंद! दोन दिवस घरातच येरझाऱ्या घातल्या. तिसऱ्या दिवशी राहवेना, तेव्हा उतार सोडून तळ्याकाठच्या सपाट रस्त्यावर गेले. तिथे तो बाकावर बसलेला.

"तुम्ही इथे कसे?"

"तुम्ही उतार सोडून सपाट रस्ता शोधणार," तो म्हणाला, "आणि आपल्याकडे सपाट रस्ता हा एकच." मग खिशातून त्याने एक जाड पट्टा काढला. "स्ट्रेचरचा जुना पट्टा होता. शिवून आणलाय. एक टोक दांड्याला, एक तुमच्या मनगटाला. हात सुटला तरी गाडी जाणार नाही."

तो इस्पितळाच्या वर्कशॉपमध्ये व्हीलचेअरी आणि स्ट्रेचर दुरुस्त करायचा. त्याने माझ्या मनगटाला पट्टा बांधला, तेव्हा बक्कल त्याच्या हातून दोनदा सुटलं. तिसऱ्यांदा माझ्या हातून. मी म्हटलं थंडी आहे. तोही म्हणाला, हो, थंडी आहे.

मी त्याचं नाव चाकवाला ठेवलं.

मग रोज सहाला चाकवाला यायचा. मी पळायची, तो सायकलवरून मागे, कारण त्याला जिने चढतानाही दम लागायचा. आधी चाकांत हवा, पुढचं चाक लॉक, मुलांचे पट्टे, मग वेळ. पहिल्या दिवशी नऊ मिनिटं पंचवीस.

"तुम्ही गाडीवर रेलताय," तो म्हणाला. "दोन्ही हातांनी धरलंय, पाठ वाकलीय, पावलं आखूड. एका हाताने ढकला. दुसरा हलू दे. दोनशे पावलांनी हात बदला."

"आणि मोकळ्या हाताचं काय करू?"

"काय म्हणजे... मोकळा सोडा."

"कुणी धरला तर?"

सायकल थेट झुडपात गेली! मला इतकं हसू आलं की त्या दिवसाची वेळ मोजताच आली नाही.

पण खरं सांगू? हसणं वरवरचं होतं. मी आहेच भित्री. घरातून निघताना गॅस तीनदा बघणारी. ताई म्हणते, आग विझवायला निघालेली बाई माचिस लांबून पेटवते. त्या उतारावरच्या सकाळनंतर तर माझी नजर मुलांवरून हटेना. चाकाखाली खडा आला की मी थांबायची. रात्री डोळे मिटले की गाडी खाली चाललेली दिसायची. त्यात सेकंद हटता हटत नव्हते. नऊ दहा. आठ पन्नास. आठ सदतीस. सहाव्या आठवड्यात आठ चोवीस... आणि तिथेच अडकले.

"अगं, त्या चाकवाल्याला मी ओळखते," ताई एकदा मोजे काढता काढता म्हणाली. "आमच्या वॉर्डात चाक कुरकुरलं की न बोलवता येतो. अख्ख्या इस्पितळात तो कुणाशी बोलत नाही गं! तुझ्याशी काय बोलतो रोज?"

"चाकांबद्दल."

"सहा आठवडे? चाकांबद्दल?" ताईने माझ्याकडे असं काही पाहिलं की मी चहा उतू जातोय म्हणून पळाले. चहा ठेवलेलाच नव्हता.

परीक्षेच्या सहा दिवस आधी मी ताईला विनवलं, एक सकाळ लवकर सुटून ये. गाडीशिवाय एकदा पळून बघायचं होतं. आमचं सगळं गणितच ते होतं: दोन मुलं आणि गाडीचं ओझं घेऊन आठ चोवीस, मग रिकाम्या हाताने साडेसात कुठे गेले नाहीत!

मी पळाले. जीव तोडून पळाले. धापा टाकत त्याच्यासमोर थांबले. तो घड्याळाकडे नुसता बघत राहिला.

"किती?"

त्याने घड्याळ कानाला लावून पाहिलं.

"अहो, किती?"

"आठ एकतीस."

मी मटकन खाली बसले. गाडीशिवाय मी सात सेकंद हळू पळाले होते. हे कुणाच्या बापजन्मी झालं असेल का!

तो माझ्याशेजारी जमिनीवर बसला. मग म्हणाला, "रागावणार नसाल तर सांगतो. तुम्ही आत्ताही बाबागाडी ढकलत होता."

"काय?"

"हात पुढे. मुठी आवळलेल्या. मान खाली. तिथे खड्डा आहे ना, तो तुम्ही वळसा घालून चुकवलात. एक पाऊल मावेल एवढा खड्डा! आणि दर वळणाला मागे पाहिलंत. मुलं घरी आहेत. तरी तुम्ही त्यांनाच घेऊन पळत होता."

मला रडूच फुटलं. "मला भीती वाटते हो... हात सोडला की काहीतरी होईल असंच वाटतं. माझ्या हातून एकदा सुटलीय गाडी. तुम्ही नसता तर—"

"पण मी होतो," तो म्हणाला. मग खूप हळू, "परीक्षेच्या दिवशीही असेन. ताई घरी येतात साडेआठला, पळणं साडेसातला. मी मुलांना आणतो. पहिल्या वळणावर उभा राहतो. दर फेरीला तुम्हाला दिसतील. चालेल?"

त्याच्या बाहीला ग्रीसचा वास येत होता. मी त्या बाहीलाच डोळे पुसले. त्याने हात हलवला नाही.

परीक्षेच्या सकाळी माझ्या छातीवर एकशे चौदा नंबर. मैदानाला चार फेऱ्या. बारा मुली रेषेवर, मी सगळ्यांत थोराड. शिट्टी वाजली.

पहिलं वळण आलं. तिथे कुणीच नव्हतं.

मन चिंती ते वैरी न चिंती! एका वळणात मला काय काय दिसलं... रस्ता ओलांडताना गाडी, उलटलेली गाडी, ताप, इस्पितळ. पाय जड झाले. मुठी आपोआप पुढे आल्या. चार मुली मला मागे टाकून गेल्या. फेरी संपली तेव्हा कुणीतरी ओरडलं, "दोन मिनिटं सात!" पुन्हा ते वळण. पुन्हा रिकामं. मनात आलं, थांबावं. बाहेर जाऊन बघावं. नोकरी गेली खड्ड्यात.

आणि तेवढ्यात मैदानाच्या लांब बाजूला, तारेच्या कुंपणापलीकडच्या फुटपाथवर कुणीतरी धावताना दिसलं. शर्ट पँटीतून बाहेर आलेला, केस कपाळावर, तोंड लालबुंद. एका हाताने बाबागाडी ढकलत तो माझ्या बरोबरीने धावत होता. जो जिने चढताना दोनदा थांबतो, तो!

"आत सोडेनात!" तो ओरडला. "लहान मुलं... नको म्हणाले! पण आहेत! दोघं आहेत! मी धरलंय! तू पळ!"

तू म्हणाला.

काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. एवढंच कळलं की मुलं ह्याच्या हातात आहेत आणि हा सोडणार नाही. मुठी उघडल्या. खांदे खाली आले. पावलं लांब पडायला लागली, मान वर झाली. तिसऱ्या फेरीत तिघींना गाठलं. कुंपणापलीकडून चाकांचा आवाज यायचा, मग मागे पडायचा. चौथ्या फेरीत तो आवाज थांबला. मी वळून पाहिलं नाही. हा माणूस मला आवडतो, मी मनात म्हणत होते. आवडतो, आवडतो... आणि प्रत्येक शब्दाला एक पाऊल.

"एकशे चौदा! सात त्रेपन्न!"

मी रेषेपाशी थांबलेच नाही. तशीच फाटकाबाहेर पळाले.

तो फुटपाथवर पाय पसरून बसला होता, पाठ कुंपणाला, एक हात गाडीच्या दांड्यावर. दोन्ही ब्रेक लावलेले. चिमणी केळं खात होती. ढब्बू त्याच्या केसांना केळं भरवत होता.

"सात त्रेपन्न," मी म्हटलं.

त्याने डोळे मिटले. मग उघडले. "मला... तुम्हाला... एक..." दम त्याला पुढे जाऊ देईना. "चार महिने... तुम्ही जाल... म्हणून आधी... विचा..."

"हो," मी म्हटलं.

"मी अजून... विचारलंच... नाही..."

"तुला दम लागलाय," मी त्याच्याशेजारी बसत म्हटलं. "मला नाही लागलेला. हो."