पहाड्या पडला तो दिवस

चुकून ती दवाखान्यात वेळेआधीच पोचली, आणि पडद्यामागून आवाज आला, "मेल्या, पुन्हा मारलंस?"

तिनं घाबरत पडदा सरकवला. फिजिओथेरपीचे डॉक्टर एकटेच स्क्रीनसमोर बसले होते, हातात कंट्रोलर. स्क्रीनवर एक डोंगराएवढा राक्षस त्यांच्या योद्ध्याच्या छाताडावर पाय देऊन उभा. डॉक्टरांचे कान लाल झाले. पेशंटच्या बोटांना व्यायाम म्हणून हा गेम आणलाय, असं ते पुटपुटले, आणि तिला हसू आवरेना.

मनगट मोडल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती. केस कापण्यावर तिचं पोट, आणि उजव्या अंगठ्यात कात्री पेलायची ताकद उरली नव्हती. सलूनच्या मालकिणीनं तिची खुर्ची रिकामी ठेवली होती खरी, पण किती दिवस? धाकटी बहीण रोज सकाळी तिचे केस विंचरून द्यायची आणि काही विचारायची नाही... तेच जास्त लागायचं.

मग व्यायामाला पहाड्या आला. राक्षसाचं हे नाव तिनंच ठेवलं. तलवार काढा, भराभर बटण दाबा, असं डॉक्टर सांगायचे. तिचा अंगठा लगेच लटपटायचा, आणि पहाड्या तिला चिरडून मोकळा. एकदा तिनं कंट्रोलर खालीच ठेवला.

"नाही जमत हो... हे नाही, काहीच नाही."

डॉक्टरांनी समजूत घातली नाही. शेजारी येऊन बसले. "जोरानं नाही ना जमत? मग डोकं लावू."

त्या दिवसापासून दोघं कट रचू लागले. आग झाली, विष झालं, सापळे झाले, पहाड्या ढिम्म. शेवटी तिच्याच लक्षात आलं, की ओढा ओलांडताना तो घुटमळतो. पाण्यात असताना वीज सोडली तर? विजेचा बाण तर होता, एका फटक्यात लोळवणारा. पण धनुष्य पुरतं ताणेपर्यंत बटण दाबून धरायचं — मध्येच सुटलं की संपलं.

पहाड्या ओढ्यात उतरला. तिनं बटण दाबलं. अंगठा थरथरला, ठणकला...

"धरा," डॉक्टर हळूच म्हणाले. त्यांची नजर स्क्रीनवर नव्हतीच.

राक्षसानं हात उगारला — आणि तिनं बाण सोडला. कडकड वीज कोसळली, पहाड्या भुईसपाट! ती रडता रडता हसत आपल्या अंगठ्याकडे बघत राहिली.

डॉक्टरांनी पकड तपासली, कात्री चालवायला लावली. उद्यापासून कामावर जा म्हणाले, आता इथं यायची गरज नाही. केवढी सुटका! तरी पर्स उचलायला तिनं उगाच वेळ लावला. ती दारापर्यंत गेली.

"थांबा ना..." डॉक्टर उठले. "आजपासून तुम्ही माझ्या पेशंट नाही. पेशंटला हे विचारता येत नाही, म्हणून इतके दिवस गप्प होतो."

"काय विचारता येत नाही?"

"तुम्हाला... तू म्हणू का?"

छातीवरचा धोंडा कुणी अलगद उचलावा, तसं तिला झालं. ती दारातून मागे फिरली.

"म्हण की," ती म्हणाली. "मनातल्या मनात मी कधीपासून म्हणतेय."