न झालेली मैत्रेयी

उपासन्यांच्या हॉलमध्ये, सोफ्यासमोरच्या भिंतीवर मैत्रेयी राहत असे. ती जन्मली नव्हती, एवढं सोडलं तर तिला नाव ठेवायला कुठेही जागा नव्हती.

गणितात हुशार, आवाज गोड, दात सरळ. दर वाढदिवसाला पडद्यावर ती वर्षानं मोठी होई. पाहुणे आले की मंदार उपासनी पोह्यांच्या आधी पडदा लावत आणि म्हणत, "ही आमची संभावंड." संभावंड म्हणजे संभाव्य भावंड. त्याच आईबापांच्या पोटी येऊ शकलं असतं, पण आलं नाही, असं मूल. आईबापांची जनुकं वाचून संगणक अशी लाखभर मुलं मांडायचा आणि त्यातलं सगळ्यांत उजवं पालकांच्या हवाली करायचा. सरकारी परिपत्रकात या योजनेचा हेतू 'प्रेरणा' असा दिला होता. पूर्वी मुलांना शेजारच्या मुलाचं उदाहरण द्यावं लागे, आणि पुढेमागे तो शेजारचाच नापास झाला की पंचाईत होई. संभावंड कधी नापास होत नसे.

जन्मलेल्या मुलीचं नाव ऋजुता. ती मोठ्यानं हसायची, त्रिकोणमितीत अडखळायची आणि तिचा संभावांक होता एकतीस. म्हणजे या आईबापांना होऊ शकणाऱ्या दर शंभर मुलांपैकी एकतीस तिच्याहून डावी निघाली असती. उरलेल्यांबद्दल घरात रोज बोललं जाई. "मैत्रेयीला हे एकदा सांगून समजलं असतं," हे वाक्य मंदार आता रागानंही म्हणत नसत. वरणात मीठ कमी आहे, तशा आवाजात म्हणत.

कायद्यात एक पळवाट मात्र ठेवलेली होती. खऱ्या मुलाला अठरा पूर्ण झाली की त्याला आपली संभावंडं पुसून टाकता येत. ऋजुताला सोमवारी अठरा पूर्ण झाली. मंगळवारी ती योजनेच्या केंद्रात डॉ. शर्मिष्ठा लोखंडे यांच्यासमोर बसली होती आणि शेजारी मंदार होते. ऋजुताची आई केतकी आली नव्हती. "तुम्ही बापलेक काय ते निस्तरा," म्हणून तिनं अंग काढून घेतलं होतं.

"डॉक्टर, हिला जरा समजवा," मंदार म्हणाले. "त्या मुलीनं हिचं काय वाकडं केलंय?"

"कुठल्या मुलीनं?"

"मैत्रेयीनं. अठरा वर्षं घरात आहे ती. अशी एका सहीनं पुसायची म्हणजे..." त्यांचा आवाज चक्क दाटला.

ऋजुता खिडकीबाहेर बघत होती. आपल्यासाठी बाबाचा आवाज असा दाटल्याचं तिला आठवत नव्हतं.

"उपासनी, पत्ते खेळता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"दिवाळीत. रमी."

"मग ऐका. तुमच्याकडे पत्त्यांच्या तेवीस जोड्या आहेत. प्रत्येक जोडीत एक पान तुमच्या वडिलांकडून आलेलं, एक आईकडून. मूल होताना तुम्ही प्रत्येक जोडीतलं एकच पान पुढे देता. कुठलं, ते तुमच्या हातात नसतं. केतकीताईंचंही तेच. दोघांचे मिळून सत्तर लाख कोटी वेगवेगळे हात पडू शकतात. त्यात पानं देण्याआधी जोडीतल्या जोडीत तुकड्यांची अदलाबदल होते, तिचा तर हिशेबच सोडा. म्हणून मूल आईसारखं नसतं, बापासारखं नसतं, सख्ख्या भावासारखंही नसतं."

"तेच म्हणतोय. एवढ्या हातांतून आम्हाला नेमका..."

वाक्य त्यांनी अर्धवट सोडलं. पण खोलीत ते पूर्ण ऐकू आलं.

"एकतीसचा पडला," ऋजुता म्हणाली. "बोल की बाबा. लाजतोस काय?" मग ती डॉक्टरांकडे वळली. "डॉक्टर, बाबाचा हातही असाच पडलेला असणार ना? त्याचा संभावांक किती?"

"काहीतरीच काय," मंदार म्हणाले. "आमच्या वेळी हे नव्हतं."

डॉक्टरांनी यंत्रावर नाव घातलं. "आहे. तुमच्या आईवडिलांनी बारा वर्षांपूर्वी काढून घेतला होता. ज्येष्ठ नागरिकांना सवलत होती तेव्हा. बघायचा हक्क तुम्हाला आहे. बघायलाच पाहिजे असं नाही."

नको म्हणावं तर मुलीसमोर भित्रा ठरणार. मंदारनी मान हलवली. डॉक्टरांनी पडदा त्यांच्याकडे फिरवला.

नऊ.

ऋजुतानंही तो आकडा वाचला. ती आता हसणार, याची मंदार वाट बघत राहिले. हसली असती तर बरं झालं असतं. तिनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"जाऊ दे रे बाबा. त्यानं काही होत नाही. मी एवढी वर्षं राहतेच आहे ना एकतीसवर?"

मग तिनं सही केली.

घरी आले तेव्हा पडदा काळा झाला होता. त्याच्याखाली खुर्चीत बसून अण्णा, म्हणजे मंदारचे वडील, भिजवलेले वाल सोलत होते. मंदार त्यांच्यासमोर बसले आणि उगाच एक वाल उचलून सोलू लागले.

"अण्णा, तुम्ही बघितला होतात. माझा."

अण्णांनी मान वर केली नाही. "हो. तुझी आई होती तेव्हा."

"मग कधी बोलला नाहीत?"

"बोलून काय करणार? बदलून देतात का म्हणून विचारलं होतं तिथे. नाही म्हणाले." अण्णा स्वतःशीच हसले. ही थट्टा होती की नव्हती, ते मंदारना कळेना. पन्नाशी उलटल्यावर ते विचारायचंही कसं?

"माझ्या संभावंडांतला पहिला कसा होता?"

"उत्तम होता," अण्णा म्हणाले. "फार उत्तम. दरवर्षी केंद्रात जाऊन बघून येतो. आई गेल्यावर एकटाच जातो."

पाडव्याच्या आदल्या दिवशी अण्णा दरवर्षी एकटेच रिक्षा करून बाहेर पडत. देवळात जात असतील, असं घरात सगळ्यांनी धरलं होतं.

"त्याला नाव दिलं असेल," मंदार कसेबसे म्हणाले.

"द्यावंच लागतं. त्याशिवाय यंत्र पुढे जात नाही." अण्णांनी सालं गोळा केली. "आम्ही मंदारच दिलं. तुझ्या आईला दुसरं सुचेना."

मंदार उठून आत गेले. ऋजुताच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आत ती फोनवर कुणाशी तरी मोठ्यानं हसत होती. मंदारना तिला काहीतरी सांगायचं होतं. दारात उभं राहून ते शब्द जुळवू लागले. पण अठरा वर्षांत तिच्याशी बोलताना वाक्याची सुरुवात ज्या नावानं व्हायची, ते नाव आता वापरता येत नव्हतं, आणि दुसरी कुठली सुरुवात त्यांना येत नव्हती.

तेवढ्यात हॉलमधून अण्णांनी हाक मारली. "मंदार!"

पन्नास वर्षं रोज येणारी हाक. तोच आवाज, तेच प्रेम.

हाक आपल्यालाच आहे ना, हे कळेपर्यंत मंदार जागेवरच थांबले.