चार नंबर

मे महिन्याच्या सुट्टीत दादा, वहिनी आणि त्यांची दोन पोरं वेनचोउहून आली, आणि त्यांना चोंगछिंग दाखवायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

"हिला कुठे शाळा आहे?" दादा म्हणाला. "फिरवू दे की."

शाळा सोडून मला सात महिने झाले होते. सरांनी वर्गात माझी वही फाडली, मी त्यांचा चहाचा थर्मास खिडकीतून टाकला. खाली कुणी नव्हतं. तरी घरात आजही विषय निघतो.

वहिनी बुटांच्या कारखान्यात लाइन सांभाळते. चाळीस बायका. पाळी सुरू होताना सगळ्या ओळीनं आपापला आकडा ओरडतात आणि हिची मान यंत्रावरून वरसुद्धा होत नाही. नुसतं ऐकून हिला कळतं कोण आलंय, कोण नाही. तेच तिनं घरात आणलेलं. दादा एक, ती दोन, मी तीन, दोउदोउ चार, मिएनमिएन पाच. कुठूनही निघालो की आकडे म्हणायचे.

आई सकाळीच म्हणाली होती, "पोराला चार कशाला देतेस? पाच दे." आमच्या भाषेत 'चार' आणि 'मरण' जवळजवळ सारखेच ऐकू येतात; हा आकडा आमच्याकडे कुणी मागून घेत नाही.

"आई, कारखान्यात असलं काही चालत नाही," वहिनी म्हणाली.

"हे घर आहे," आई म्हणाली आणि शेवया उकळायला टाकल्या.

दोउदोउ सहा वर्षांचा. पुढचे दोन दात पडलेले, त्यामुळे 'चार' म्हणताना हवा सुटायची. शीळ घातल्यासारखी. त्याला त्याची मजा वाटायची, म्हणून मुद्दाम जोरात म्हणायचा. मिएनमिएन तीन वर्षांची, दादाच्या खांद्यावर. वाटणी सकाळीच झाली होती: ती दादाकडे, दोउदोउ माझ्याकडे.

"हात सोडलास तर बघ," वहिनी मला म्हणाली.

"लहान आहे का मी?"

"तेच तर विचारतेय."

पहिल्यांदा ती इमारत, जिच्या पोटातून मेट्रो जाते. खालच्या रस्त्यावर कठड्याशी हजार माणसं उभी. सगळे आकाशाकडे तोंड वासून. गाडी तोंडात शिरतेय असा फोटो काढतात. दादानंही काढला. मिएनमिएनला वाटलं खरंच खायचीय, ती रडायला लागली.

"तिखट लावून देऊ का?" दादा तिला म्हणाला. वहिनी हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा.

तेवढ्यात एका बाईनं मागून छत्रीचं टोक माझ्या पाठीत खुपसलं. मी वळले.

"डोळे घरी ठेवून आलात का काकू?"

"आणि तू वळण घरी ठेवून आलीस का?"

मग जरा झालं. फार नाही. मधे माझा हात सुटला असेल. मग एक छोटा हात परत माझ्या डाव्या हातात आला, बोटं घट्ट धरली. मी खाली बघितलं नाही. मी बाईकडे बघत होते.

"पुरे झालं, चला," दादा म्हणाला.

कठड्याच्या शेवटाला नदीकडे उतरणारा जिना आहे. दोनशे तीस पायऱ्या, दगडी, दोन्ही बाजूंना वडाची मुळं भिंतीला चिकटलेली. तिथे गर्दी एकदम संपते. वरच्या तोंडाशी वहिनी फोनमध्ये रस्ता बघत उभी राहिली आणि न बघता म्हणाली, "आकडे."

"एक."

"दोन," तिचं तीच.

"तीन," मी. अजून रागातच.

"चार."

"पाच," मिएनमिएन नाक ओढत.

उतरलो. जिन्यात दमट वास होता. हातातला हात गार होता, ओलसर. मला वाटलं पोरानं आइसक्रीम खाल्लंय. मी त्याला त्या बाईबद्दल सांगत होते. तिची नक्कल करून दाखवली. तो हसला नाही, पण पाऊल माझ्या पावलाबरोबर टाकत होता. एकदाही मागे राहिला नाही की पुढे पळाला नाही. दोउदोउ एका जागी अर्धं मिनिट टिकत नाही. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

खाली पोचलो. वहिनी मागे वळली.

"दोउदोउ कुठाय?"

मी खाली बघितलं. माझा हात मुठीसारखा वळलेला होता. आत काही नव्हतं.

दादा मला काय काय बोलला ते लिहीत नाही. शाळाही त्यात आली, थर्मासही आला. मी एवढंच म्हणत राहिले, "आत्ता होता. हातात होता." वहिनीचा चेहरा पांढरा पडला होता आणि ती हळू आवाजात म्हणत होती, "पण आकडा आला. त्याचा आकडा आला ना?"

आला होता. दादानंही ऐकला होता.

मी दोनशे तीस पायऱ्या पळत चढले. श्वास तुटला तरी थांबले नाही. त्या पायऱ्यांवर मी एकच गोष्ट मागत होते. सापडू दे. मग मला काहीही म्हणा.

तो कठड्याशीच होता. गाडी बघत होतो त्याच दगडावर बसलेला, हातात संत्र्याची फोड. शेजारी एक म्हातारा हमाल, ओझं वाहायचा बांबू भिंतीला टेकवून.

"तुझा का हा?" हमाल म्हणाला. "इथून हललाच नाही. मी म्हटलं, येईल कोणी."

मी दोउदोउला इतकं घट्ट धरलं की संत्र्याचा रस माझ्या गळ्यावरून ओघळला. मी रडले. आयुष्यात कुणासमोर रडले नव्हते, हमालासमोर रडले.

"तू आमच्याबरोबर का नाही आलास रे?"

"तू त्या मुलाचा हात धरून गेलीस," तो म्हणाला.

हवा सुटली शब्दातून. तेव्हा मला आठवलं. जिन्याच्या तोंडाशी जो 'चार' ऐकला, तो नीट, पूर्ण होता. त्या तोंडात सगळे दात होते.

त्यानंतर तो बोललाच नाही. पुढची सगळी फिरस्ती रद्द. घरी आणला तर कोपऱ्यात बसून राहिला. डुकराच्या मांसाच्या वड्या म्हणजे त्याचा जीव, त्यांनाही हात लावेना. अंग तापलं नव्हतं. डोळे उघडे, पण समोरचं बघत नव्हते. वहिनीनं दहा वेळा नाव घेतलं, त्यानं मान हलवली नाही.

"डॉक्टरकडे नेतो," दादा उठला.

"ने. आधी दहा मिनिटं मला दे," आई म्हणाली. "पोर घाबरलंय. अर्धं तिथेच राहिलंय. बोलवायला हवं."

"आई, हे असलं..."

"तुलाही लहानपणी दोनदा असंच बोलावलंय मी. बस खाली."

संध्याकाळचे सहा वाजले होते. आईनं एका हातात तांदळाची वाटी घेतली, दुसऱ्या हातात दोउदोउचा गंजीफ्रॉक. दार उघडलं. आमच्या दाराबाहेर लगेच जिना. इमारत डोंगराच्या उतारावर; वरच्या रस्त्यावरून आलं तर चार मजले उतरायचे, खालच्या रस्त्यावरून आलं तर आठ चढायचे. लिफ्ट नाही. वहिनी पोराला मांडीवर घेऊन आत बसली. तिनं उत्तर द्यायचं असतं.

आईनं जिन्यात तोंड करून हाक मारली. "दोउदोउ, घरी ये रे बाळा."

"आला, आला," वहिनी म्हणाली.

आईनं चिमूटभर तांदूळ टाकले. "दोउदोउ, घरी ये रे बाळा."

"आला, आला."

शेजारच्यांचा टीव्ही बंद झाला. किंवा मला तसं वाटलं.

"दोउदोउ, घरी ये रे बाळा."

वहिनीनं तोंड उघडलं होतं. पण तिच्याआधी उत्तर आलं.

"आलो."

खालून. आठ मजल्यांच्या त्या अंधाऱ्या पोकळीतून. लहान आवाज. नीट, स्पष्ट.

आईनं दार लावलं. आपटलं नाही, सावकाश लावलं, कडी घातली, वाटी खाली ठेवली.

"आजी," मागून दोउदोउ म्हणाला, "वड्या संपल्या का?"

त्यानं नऊ वड्या खाल्ल्या. मिएनमिएनच्याही दोन ढापल्या, तिनं त्याला चमच्यानं मारलं, तो किंचाळला. एवढा छान किंचाळताना मी कुणाला ऐकलं नव्हतं. दादानं माझ्या ताटलीत मासा वाढला. वहिनी भांडी घासता घासता रडली आणि मग स्वतःवरच हसली.

"आकडे बंद," आई म्हणाली. "माणसं मोजताना डोळ्यांनी बघायचं. तुझ्या कारखान्यातही बघत जा."

"हो आई," वहिनी म्हणाली.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांना स्टेशनवर सोडलं. काचेपलीकडे दोउदोउनं जीभ काढली, मी दुप्पट काढली. गाडी गेली आणि माझ्या छातीवरचा दगड उतरला. दादा जाताना म्हणाला होता, वेनचोउला ये, कारखान्यात बघू काहीतरी. मला वाटलं, जाईनसुद्धा.

खालच्या रस्त्यावरून आले. ऊन होतं, जिन्यात कुणाच्या तरी मिरच्या परतल्याचा वास होता. आठ मजले मी गुणगुणत चढले. दमलेसुद्धा नाही. एका पायरीमागे एक, तालात.

दारापाशी पोचले. आई आतून म्हणाली, "किल्ली आहे ना? हात पिठाचे आहेत माझे."

"आहे."

किल्ली माझ्या डाव्या खिशात असते, नेहमी. ती मी उजव्या हातानं काढायला बघत होते, अंग वाकडं करून, कंबर पिळून. निघत नव्हती. मला माझंच हसू आलं.

मग लक्षात आलं, की डावा हात मोकळा नाहीये.